कोटाची आतली बाजू

थोरलीच्या कपाटाचं दार उघडलं की धाकटी नजर वळवायची. कपाट थोरलीचं, चावी थोरलीची, आणि आत टांगलेले निम्म्याहून जास्त कपडे धाकटीच्या हातचे. जुन्या पडद्यातून उभा राहिलेला हिरवा झगा, दोन फाटक्या कुडत्यांचा मिळून झालेला एक देखणा कुडता, कडा बदलून नवं रूप दिलेलं जाकीट. थोरली ते घालून बाहेर निघाली की बायका विचारायच्या, "अगं बाई, कुठून घेतलंस?" थोरली कौतुकाने सांगायची, "आमच्या घरातच आहे एक जादूगार." त्या जादूगाराच्या अंगावर तेव्हा धुऊन धुऊन विरलेला कुडता असायचा.

या दोघी जावा. घर थोरल्या दिरांच्या नावावर, कड्या-कुलपांचं दुकानही त्यांचंच. धाकटीचा नवरा त्याच दुकानात, पण गल्ल्यावर नव्हे, शिडीवर. वरच्या फळीवरचा माल काढून द्यायचा आणि खाली उतरायचं, हेच त्याचं आयुष्य. अशा घरात स्वतःसाठी नवा कपडा मागायचा म्हणजे किती तोंडांकडे बघावं लागतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून धाकटी मागतच नसे.

ती बस डेपोच्या भिंतीलगत भरणाऱ्या जुन्या बाजारात जायची. तिथे ढीगवाले काका जुन्या कपड्यांच्या डोंगरामागे बसलेले असत, नुसतं डोकं दिसे. धाकटी बाही वर सारून कोपरापर्यंत हात ढिगात घालायची आणि बोटांनीच कापड ओळखायची. रंग उडालेला दिसला तरी लगेच टाकून द्यायची नाही. आधी कपडा उलटा करून शिवणी बघायची, कारण बाहेरून विटलेलं कापड कधीकधी आतून अगदी कोरं असतं. काका म्हणायचे, "ताई, तुम्ही हात लावलात की मलाच तो कपडा विकावासा वाटत नाही बघा!"

शिवण तिला आईने शिकवलेली. आई शिलाईचं काम करायची आणि तिचा एक नियम होता: शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड राखायचं. शिंपी त्याला माया म्हणतात. अंग भरलं, तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. लेकीने हा नियम आयुष्यभर पाळला, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं!

कारण थोरली अंगाने चांगली भरलेली. धाकटीच्या मापाचा कपडा एरवी तिच्या दंडावरून पुढे सरकला नसता. पण प्रत्येक शिवणीत जादा कापड. थोरली आरशापुढे उभी राहून म्हणायची, "थोडासाच घट्ट होतोय गं. आत कापड आहे ना? दे उसवून." पुष्कळसे कपडे मुळात थोरलीनेच टाकून दिलेले, धाकटीने नव्याने जन्माला घातलेले. मग "माझाच होता की तो!" याला उत्तर काय देणार? आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर हा नागोबा फार प्रेमळ. आजारपणात थोरली धाकटीच्या उशाशी बसायची, आपल्या ताटातला घास काढून ठेवायची. वाईट बाई असती तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. हा सगळा तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

आणि एक दिवस मुख्य रस्त्यावर नवं दुकान उघडलं. जुने कपडे आणून द्या, आम्ही नवे करून देऊ. दारावर पाटी: 'शिवणकामाला बाई पाहिजे'. धाकटी आत शिरली. दुकानाच्या बाई डोक्यावर चष्मा चढवून, गळ्यात टेप अडकवून उभ्या होत्या.

"पिशवीत आणलेलं काम मी बघत नाही," त्या म्हणाल्या. "पिशवीतलं कुणाचंही असू शकतं. जुन्यातून स्वतः केलेलं, स्वतःच्या मापाचं काहीतरी अंगावर घालून ये सोमवारी. मग बोलू."

धाकटी जवळजवळ पळतच घरी निघाली. हे काम मिळालं तर हातात आपला पगार, आणि आज ना उद्या भाड्याची का होईना, एक वेगळी खोली! नवऱ्याला तिने हे कितीदा सांगून पाहिलं होतं. तो दर वेळी म्हणायचा, "दादाला काय वाटेल?" आताही तो म्हणाला, "जा बघून ये, पण काम पक्कं होईपर्यंत घरात बोलू नकोस." ती हो म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे अंगावर घालायला आपल्या हातचं काही नाहीच. सगळं थोरलीच्या कपाटात, तेही तिच्या मापाला सैल केलेलं.

ती तडक काकांच्या ढिगाकडे गेली. तळाशी एक पुरुषी लोकरी कोट सापडला. उन्हाने विटलेला, कोपरांवर फाटलेला, छातीवर कसरीने भोक पाडलेलं. उलटा केला तर आतलं कापड गर्द निळं, जणू कालच मागावरून उतरलेलं. धाकटीने तो अख्खा उसवला आणि आतली बाजू बाहेर घेतली. लांबी कापून जे कापड निघालं त्यातून बाह्यांचा खालचा भाग जोडला, भोकावर खिशाची पट्टी बसवली. अस्तर नवऱ्याच्या शिडीवर झिजलेल्या रेघारेघांच्या शर्टांचं, खालून मोकळं सोडलेलं, उचललं की आतल्या शिवणी दिसाव्यात असं. बटणं सगळी काळी, पण एकासारखं दुसरं नाही, आणि तीच त्या कोटाची ऐट होती. थोरली दुपारी आडवी झाली की ही शिवायला बसे, आणि तिची चाहूल लागली की कोट ट्रंकेत.

पण रविवारी धाकटी कोटावर इस्त्री फिरवत असताना थोरली अचानक दारात उभी.

"आई गं! हे कुणाचं?" तिने कोट उचललासुद्धा. हात घातले, बटण लागेना. "थोडं उसवून दे ना. उद्या माझ्या मैत्रिणींकडे जायचंय, सगळ्या बघतच राहतील!"

"ताई, उद्या मला हवा होता तो."

"तुला? तुला कुठे जायचंय?"

इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याला दिलेला शब्द आठवला आणि धाकटी म्हणाली, "कुठे नाही."

"मग झालं तर! तुझ्या हातात कला आहे बाई, तू काय, दुसरा करशील." थोरलीने लाडाने तिचा गाल ओढला आणि गेली.

धाकटी कोट उलटा करून उसवायला बसली. नवरा जेवायला आला, कोटाकडे आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "देऊन टाक गं. कशाला घरात कटकट?" ती शिवणींकडे बघत होती. काखेत, पाठीत, कुशीला, सगळीकडे दोन दोन बोटं कापड राखलेलं. म्हणजे दर वेळी हिनेच थोरलीसाठी जागा करून ठेवली होती की! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिने कात्री घेतली आणि टाक्याला चिकटून सगळं जादा कापड कापून टाकलं. निळ्या पट्ट्या मांडीवर पडत गेल्या. आई असती तर तिने कात्री हिसकावून घेतली असती. उद्या आपलंच अंग भरलं तर हा कोट आपल्यालाही होणार नाही, हे काय तिला कळत नव्हतं? दोरे सुटू नयेत म्हणून तिने प्रत्येक कडेला बारीक टाके घातले.

सोमवारी सकाळी थोरलीने कोट अंगात घालून पाहिला. "अगं, उसवला नाहीस?"

"उसवायला काही राहिलंच नाही, ताई."

थोरलीने कोट उलटा केला. "आतलं कापड कुठे गेलं?"

"कापलं."

"का?"

धाकटीने रात्रीपासून खोटी कारणं जुळवून ठेवली होती. कसर लागली, कापड आटलं, काय काय. ऐन वेळी तोंडातून निघालं, "कारण हा माझा आहे."

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी काय तुझं ओरबाडून घेत होते का गं? मागितलं असतंस, तर दिलं नसतं का मी?"

आपल्याच हातचं आपणच मागायचं! धाकटीला हसावं की रडावं कळेना. तिने कोट घेऊन अंगात घातला आणि जिना उतरू लागली. खाली नवरा उभा होता. "आता दादाला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. दुकानात जा," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

दुकानात बाईंनी तिला गोल फिरवून पाहिलं. कॉलर, खिसा, ती वेगवेगळी बटणं. चेहरा खुलला. "काढ बघू." धाकटीने काढून दिला. कोट हातात आल्या आल्या बाईंनी तो उलटा केला, आणि त्यांचं हसू मावळलं.

"हे काय? आत कापडच नाही? अगं, माझं अख्खं दुकान या दोन बोटांवर चालतं. जिला एवढं कळत नाही, तिच्या हातात मी गिऱ्हाइकाचा कपडा कसा देऊ?"

घरचं दार आपटून आले, आता हेही बंद होतंय. घरातलं बाहेर काढायचं नाही, हे तिने जन्मभर पाळलं होतं. पण गप्प बसले तर उलट्या पावली त्याच जिन्यावर.

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "सगळीकडे. काल कापलं."

"का पण?"

"नसतं कापलं, तर आज हा माझ्या अंगावर नसता."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. कडेच्या त्या बारीक टाक्यांवरून हळूहळू बोट फिरवलं.

"जाऊ, की नणंद?" त्यांनी विचारलं.

"जाऊ," धाकटी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या देखत ढसाढसा रडली.

बाईंनी कोट सुलटा केला, झटकला आणि भिंतीच्या खुंटीला, आपल्या कोटाशेजारी अडकवला.

"आता बस मशीनवर," त्या म्हणाल्या. "आणि हा इथेच राहू दे. संध्याकाळी घरी घालून जाऊ नकोस."