सायकलच्या ट्यूबचा जप

आमच्या गावदेवीवर, मातामायवर, माझी श्रद्धा लहानपणापासूनची आहे. तरीही त्या दिवाळीत मी तिच्यापुढे दिवा लावला नाही, हे आधीच कबूल करते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरून माझ्या उजव्या गुडघ्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, पण पायात जीव येईना. मी करडीजवळच्या एका गावात अंगणवाडी चालवते. लेकरांसोबत जमिनीवर बसणं हेच माझं काम, आणि मला तर खुर्चीतून उठायलाही आमच्या ह्यांचा खांदा लागायचा. उजवी मांडी डावीच्या निम्मी दिसू लागली होती. रोज आंघोळीच्या वेळी ती पाहायचे आणि देवीवर रुसायचे.

भंडाऱ्याला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी माझे व्यायाम घ्यायची. एक दिवस तिने मांडीच्या अगदी वर एक रुंद पट्टा बांधला. त्याची नळी यंत्राला जोडलेली होती. आधी तिने पावलावरची नाडी एका छोट्या उपकरणाने ऐकली, मग पट्ट्यात हवा भरली. "काकू, यानं पायातून परत जाणारं रक्त थोडा वेळ अडतं. येणारं रक्त कमी होतं, पण बंद होत नाही. त्यामुळे हलक्या वजनातही स्नायूला जड मेहनत केल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. पायाला जेमतेम एक किलोची वाळूची पिशवी होती. तीस वेळा पाय उचलायचा, जरा थांबायचं, मग पंधरा-पंधरा वेळा. विसाव्या वेळेलाच मांडीत अशी आग पेटली की मी ओरडले. पाय लालसर-जांभळा झाला होता. पट्टा सैल केला तेव्हा रक्त सरसर परतताना जाणवलं आणि मी चक्रावून गेले. एवढ्याशा वजनाने मला घाम फुटला होता! महिनाभरात खुर्चीतून एकटीने उठायला लागले.

मग धानाची कापणी आली. ह्यांना वेळ नव्हता, एसटीत मला एकटीला चढता येत नव्हतं. दोन आठवडे भंडाऱ्याला जाणं झालं नाही. मांडी पुन्हा ढिली पडतेय असं वाटायला लागलं. तेव्हा मी जे केलं, ते लिहायची आजही लाज वाटते. कोठीतली सायकलची जुनी ट्यूब काढली, मांडीला करकचून आवळली आणि पाय उचलायला लागले. सकाळी आणि संध्याकाळी, रोज. प्रत्येक वेळी मोजण्याऐवजी मातामायचं नाव घ्यायचे. मला वाटलं, हीच माझी साधना. ह्यांना सांगितलं नाही, त्या मुलीला फोनही केला नाही. देवीचं नाव तोंडात आहे म्हटल्यावर वाईट काय होणार?

आठवड्याभरात पोटरी दुखायला लागली. व्यायाम लागू पडतोय, असं मी धरलं. चार दिवस दुखणं अंगावर काढलं. पाचव्या दिवशी, मंगळवारी, शेजारच्या ऑटोने करडीच्या रस्त्यावरच्या मातामायच्या मंदिरात गेले. नमस्कारापेक्षा भांडायलाच गेले होते. दर्शन घेऊन बाहेर पारावर बसले, लुगडं थोडं वर घेतलं आणि पोटरी चोळायला लागले.

पाराच्या दुसऱ्या टोकाला साठीच्या एक बाई पिशवी घेऊन बसल्या होत्या. निळ्या काठाचं पांढरं पातळ, पायात रबरी चपला. त्या एकदम उठल्या आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"चोळू नका!"

मी दचकून पाहतच राहिले. अनोळखी बाईने असा हात धरावा!

"कव्हापासून सुजला हा पाय?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दिवस झाले. व्यायामानं दुखून राहिला."

त्यांनी वाकून दोन्ही पोटऱ्यांना आळीपाळीने हात लावला. उजवी गरम होती. त्यांनी बोट दाबलं, तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"माह्या मालकाचा पाय असाच होता, बाई. प्लास्टर काढल्यावर सुजला. मी दोन दिवस तेल लावून चोळत बसली. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता छातीले हात लावला न् गेले. डॉक्टर म्हणाले, पायातली रक्ताची गुठळी वर गेली. तुमी आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याले चला."

मी काहीतरी सबबी सांगू लागले. घरी विचारते, उद्या जाते. त्यांनी ऐकलंच नाही. समोरून आलेला ऑटो हात करून थांबवला, मला सीटवर आडवं बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि ह्यांना फोन लावायला सांगितलं. वैनगंगेच्या पुलावर खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी पाय सांभाळायच्या. मी देवीचं नाव घ्यायला गेले, पण मला ते आठवेचना. एवढी हादरले होते.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटरीपासून गुडघ्याच्या मागेपर्यंत खोल शिरेत गुठळी होती. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं. "आज आलात हे बरं झालं," एवढंच ते म्हणाले. मी ट्यूबबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर, पडून राहिल्यानेही गुठळी होते, नेमकं कारण सांगता येणार नाही, पण ट्यूब आवळणं हा जिवाशी खेळ होता, असं ते म्हणाले. खबर कळून ती फिजिओची मुलगी धावत आली. सगळं ऐकून ती पलंगाच्या कडेवर बसूनच राहिली. तिचे डोळे भरले होते.

"काकू, पट्टा बांधायच्या आधी मी तुम्हाला शिरांचे, गुठळीचे इतके प्रश्न काहून विचारले होते? दाब यंत्रावर मोजून काहून ठरवत होते?"



आमचे हे पोहोचेपर्यंत पारावरच्या त्या बाई दवाखान्यातल्या बाकावर बसून होत्या. मी हात जोडून म्हटलं, "माय, मातामायनंच धाडलं तुमाले."

त्या हसल्या. "कोणी नाई धाडलं. लेकीकडून पवनीले चालली होती, ऑटोची वाट पाहत सावलीत बसली होती. मी तर बुद्धाची लेक, देवीच्या पाया पडत नाई. पण माणूस मरताना पाहिलं आहे, म्हणून गप बसवलं नाई." जाताना "जय भीम" म्हणाल्या. ह्यांनी त्यांचा पत्ता लिहून घेतला.

त्या रात्री मी फार रडले. ज्याला साधना समजत होते तो माझा हट्ट होता, देवीच्या नावाने झाकलेला. शरण जायचं तर त्या मुलीला एक फोन करायचा होता, ह्यांना सांगायचं होतं, दुखतंय हे कबूल करायचं होतं. यातलं काहीच मी केलं नाही. तरी माझा हात धरायला कुणीतरी पारावर बसलेलं होतं. त्या म्हणतात कोणी धाडलं नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त त्या दिवसाचा विचार केला की अजूनही अंगावर काटा येतो.

कित्येक महिने गोळ्या चालल्या. गुठळी विरघळल्याचं तपासून, डॉक्टरांनी लेखी होकार दिल्यावरच त्या मुलीने पुन्हा यंत्राचा पट्टा बांधला. या वेळी ती सांगेल तेवढंच केलं, ती थांब म्हणाली की थांबले.

उन्हाळ्यात आम्ही पवनीला गेलो. त्या बाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मला चालत येताना पाहून सूप बाजूला ठेवून उठल्या. मी पाया पडायला वाकले तर खांदे धरून म्हणाल्या, "राहू द्या बाई, गुडघा दुखन."

"दुखत नाई आता," मी म्हटलं, आणि खाली बसून त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. गुडघा पूर्ण वाकला होता. त्या माझ्याच शेजारी जमिनीवर बसल्या आणि कितीतरी वेळ माझी पाठ थोपटत राहिल्या.