ओझेलाबाईंना पांढरं नको होतं

मिसिसिपीतल्या आम्हा काळ्या पदवीधर बायकांच्या भगिनी मंडळाची शाखा ओझेलाबाईंनी कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन स्थापन केली. पहिल्याच उन्हाळ्यात त्या सगळ्या कापसाच्या मळ्यांवर मुलांना घटसर्पाची लस टोचायला गेल्या. मंडळाचा मान म्हणून सगळ्यांनी पांढरेशुभ्र झगे घातले होते. त्यांना पाहून लुवीनिया नावाची लहानगी खांबांवर उभ्या लाकडी ओसरीखालच्या अंधारात लपली, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. हिवाळ्यात ती घटसर्पानं गेली.

तिच्या आईनं नंतर सांगितलं, "पांढऱ्या झग्यातली माणसं तिनं आधी एकदाच पाहिली होती. रात्री तिच्या बापाला न्यायला आली होती ती, क्लानची गोरी माणसं. तो परत आलाच नाही."

पुढं आयुष्यभर ओझेलाबाई फुलाफुलांचा झगा घालूनच लस टोचायला जात, आणि प्रत्येक घरी आधी वाकून ओसरीखाली बघत.

शेवटच्या आजारात त्यांनी बजावलं, "माझ्या अंत्यविधीला कुणी पांढरं घालायचं नाही. ती पोर येईल. परत लपायला नको."

आमची अध्यक्ष व्हर्डेल म्हणाली, "अहो, सभासद गेली की पांढऱ्यातच निरोप द्यायचा, हा नियम तुम्हीच केलात ना!"

"मग मीच मोडते. तू तुझा तो पिवळा झगा घाल. कोंबडी दिसतेस त्यात. पोरं हसतात."

व्हर्डेल पिवळ्यातच आली. शवपेटी चर्चबाहेर नेताना पायऱ्यांपाशी रांग थांबली. व्हर्डेल गुडघे टेकून लाकडी पायऱ्यांखाली बघत होती.

"ये गं बाळ," ती हळूच म्हणाली, "आम्हीच आहोत."