शेळीच्या पैशांची भाजी

आमच्या चाळीपुढून रोज पहाटे भाजीने भरलेली बैलगाडी मंडईकडे जायची आणि चाळीत मात्र चटणी-भाकरी. तुम्ही म्हणाल, गाडी थांबवून भाजी का घेत नव्हता? अहो, थांबवली होती की. गाडीवान म्हणाला, "घ्यायची तर आख्खी पाटी घ्या. एकेक जुडी इकत बसलो तर मंडईला कवा पोचू?" आख्खी पाटी एका घराला पेलणारी नव्हती. गिरणीचा भोंगा होऊन बायका संध्याकाळी मंडईत पोचायच्या तोवर तिथे नुसते मलूल देठ उरायचे.

मी कोकणातली, भातावर वाढलेली. आमच्या ह्यांना सोलापूरच्या गिरणीत माग मिळाला म्हणून लग्नानंतर लगेच इथे आले. सुरुवातीला माझ्या ज्वारीच्या भाकरीला चहूकडून फाटे फुटायचे. शेजारच्या मावशींनी एकदा ती पाहिली. त्या सांगोल्याकडच्या धनगर, गिरणीत सूत गुंडाळायच्या कामाला. म्हणाल्या, "ही भाकरी हाय का गोधडीचं ठिगळ? सर तिकडं." मग महिनाभर रोज कामावर जायच्या आधी माझ्या परातीशी बसल्या. आईपासून इतक्या लांब मला असं हक्कानं कुणी रागावलं नव्हतं. मी रडले, ते बरं वाटून.

मावशींना एकच ध्यास होता, शेळीचा. "त्या यंत्रांच्या आवाजानं डोकं उठतं बघ. दारात एक ब्यां करणारं पायजे." चाळीतल्या बायकांची भिशी होती, दर महिन्याला एकीला सगळे पैसे मिळायचे. मावशींची पाळी जवळ आली तशी शेळी रंगरूपानिशी ठरली, काळीभोर आणि कपाळावर पांढरा ठिपका.

नेमक्या त्याच सुमारास माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हिरवा भाजीपाला खा. मावशी म्हणाल्या, "त्यो कुटं मिळतो त्येबी लिहून द्यायचं की!" आणि दुसऱ्या पहाटे नुकतेच हाती आलेले भिशीचे पैसे कनवटीला लावून गाडीपुढे उभ्या राहिल्या. दोन पाट्या उतरवून माझ्या ओसरीवर ठेवल्या. "तू तिसरी शिकलीयास. बस आता दुकानदारीण होऊन."

"मावशी, तुमची शेळी?"

"शेळी कुटं पळून जाती व्हय? भाजी खपंल, पैसा फिरंल, मग आणू की."

त्या गेल्या कामावर. तिसरीतून शाळा सुटलेली बाई मी, पाढे पंधरापर्यंत कसेबसे. दिवसभर ओलं गोणपाट बदलत, पाणी शिंपडत बसले. मेथीची जुडी सुकली की मला वाटायचं, गेला शेळीचा एक कान. वांगं किडकं निघालं की गेली शेपूट.

पण भोंगा झाला आणि तासाभरात पाट्या रिकाम्या! दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात मात्र नवंच संकट आलं. वर टाकायची कोथिंबीर.

भाजी घेतली की वर चार काड्या मागायच्या, हे तर सगळीकडचंच. पण इथे दुकान चाळीचं, म्हणजे घरचं! पलीकडच्या तेलुगू वहिनी दोन वांगी घ्यायच्या आणि मूठभर कोथिंबीर उचलायच्या. मला त्या 'चेल्ली' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. "चेल्ली, आपल्याच दुकानात हात आखडायचा काय?" आता ह्याच वहिनींनी मी तापाने पडले तेव्हा माझं पाणी भरलं होतं. एकीने सरपण दिलेलं, एकीने लुगडं. मी कुणाला आणि कोणत्या तोंडाने नाही म्हणू? देत गेले. कोथिंबीर गाडीवानाकडून विकतची. शेवटी दोनऐवजी एकच पाटी घ्यायची वेळ आली. शेळीचे पाय जायला लागले होते.

मी रडत रडत मावशींना सांगितलं. मावशी ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच घाबरले.

"तुला कुणाला न्हाय म्हणता येत न्हाय व्हय?"

"नाही."

"आत्ता म्हणलीस की!"

रात्रभर विचार केला. सकाळी नळाजवळ दोन फुटके डबे मांडले, माती भरली, मसाल्याच्या डब्यातले धणे पेरले आणि भांडी विसळलेलं पाणी घातलं. दिवस गेले, कोंब दिसेना. बायका विचारायच्या, "काय गं, धणे पेरलेस का पुरलेस?" शेवटी मावशींनी बोटाने माती उकरली. "आख्खेच टाकलेस? चपलंखाली रगडून दोन फाकी करायच्या असत्यात, बाई!" आणि धणे जमिनीवर पसरून त्यांनी आपल्या जाड वहाणेने असे रगडले, की गिरणीतल्या मुकादमाला ऐकू जावं.

ह्या वेळी उगवले. मग मावशींनी फर्मान काढलं, "वर पायजे तिनं आपला डबा आणायचा, आपलं पाणी घालायचं, आपली काडी खुडायची." आठ दिवसांत नळाशी डब्यांची रांग लागली. कुणाची दाट, कुणाची विरळ, ह्यावर भांडणं. तेलुगू वहिनींचा डबा सगळ्यांत हिरवागार, आणि त्यांच्या काडीला कुणी हात लावला तर दोन भाषांतून उद्धार. माझी विकतची कोथिंबीर मात्र आता पैसे मोजूनच जाऊ लागली. पाट्या पुन्हा दोन झाल्या, पुढे तीन. माझ्या हिरड्यांतलं रक्तही थांबलं.

चार-पाच महिन्यांनी मावशींचे पैसे सुटले आणि शेळी आली. काळी नाही, तांबडी. ठिपका नाही. आणि एक कान फाटका. तो कुठल्या मेथीच्या जुडीत गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मावशींनी तिला कौतुकाने ओसरीवर आणलं. तिने माझ्या पाटीला तोंडही लावलं नाही. सरळ नळाशी गेली ती तेलुगू वहिनींच्या डब्यात! सगळ्या चाळीने आरडाओरडा केला. मी धावले, दोन्ही हातांनी शिंगं धरली आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही! वर काही मिळणार नाही!"

मग मावशी पोट धरून खाली बसल्या. "म्हणली गं बाई एकदाची! पर कुणाला, तर माज्या शेळीला!"

मला लाजल्यासारखं झालं. पाटीतले उरलेले पिवळे देठ गोळा केले आणि शेळीपुढे ठेवले. मावशींचीच होती ना ती, तिला कसं नाही म्हणायचं?