वीस मैलांची सरासरी

ती घटना आठवली की आजही मान आपोआप खाली जाते. साठचं दशक सरत आलं होतं. मी सुरतेत, उधना भागातल्या ठाण्यात फौजदार होतो. दुपारपाळीला सायकलवर निघालेल्या एका खानदेशी गिरणी कामगाराला सरळसोट रस्त्यावर ट्रकने मागून उडवलं. माणूस जागीच गेला आणि ट्रक पसार झाला.

संध्याकाळी खबऱ्याने बातमी आणली की एका गिरणीच्या आवारात दिवा फुटलेला, मडगार्ड चेपलेला ट्रक उभा आहे. चालकाला उचलून आणलं. त्याने खिशातली जकात नाक्याची चिठ्ठी लगेच पुढे केली. "साहेब, चिठ्ठी जुओ ने! हुं तो धीमे आवतो हतो." आपण हळू येत होतो, सायकलवालाच आडवा आला, लोक मारतील म्हणून पळालो, असा त्याचा जबाब.

नाक्याचा शिक्का दोनचा, गिरणीच्या दरवाज्यावरची नोंद अडीचची, अंतर दहा मैल. मॅट्रिकच्या गणिताचा मला भारी ताठा. भागाकार केला, ताशी वीस मैल आले. एवढ्या वेगातला ट्रक वेळीच आवरता येतो, म्हणजे चूक मेलेल्याचीच. कागदावर शिक्का दिसला की आम्हां पोलिसांना माणसाचा शब्द फिका वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको चाळीतली दहा-बारा माणसं घेऊन ठाण्यात आली. सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो, "तुझा नवरा पिऊन सायकल चालवत असणार. ट्रकवाल्याला दोष देऊ नकोस." पिण्याचा तिळभर पुरावा नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मना मालक दारूले हात लावे नही, साहेब," ती म्हणाली. मी हवालदाराला पुढच्या माणसाची तक्रार घ्यायला सांगितलं.

आठवड्याने त्याच चाळीत राहणारे, शाळेत विज्ञान शिकवणारे एक मास्तर आले. "साहेब, चाळीत आता सगळे त्याला दारुडाच म्हणतात. बाईला तोंड दाखवायला जागा उरली नाही. एक विचारू? ट्रक वाटेत थांबला असेल तर?"

"मास्तर, मला पोलिसी शिकवू नका."

"नाही शिकवत. पण वीस ही सरासरी झाली. उभ्या ट्रकचा वेग शून्य. तेवढा वेळ वजा केला तर उरलेल्या वेळात तो किती पळाला? वाटेत रेल्वेचं फाटक आहे."

चिडलो खरा, पण फाटकावर गेलो. गेटमनच्या वहीत त्या दुपारी फाटक पंधरा मिनिटं बंद होतं, उघडलं दोन चोवीसला. हा ट्रक रांगेत उभा होता, हे गेटमनला आठवत होतं. तिथून गिरणी चार मैल. चार मैल सहा मिनिटांत, म्हणजे ताशी चाळीस. मी आणलेली वहीची नक्कल वाचून मास्तरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. भरलेला ट्रक थांबल्या जागेवरून हळूहळूच वेग धरतो. सुरुवातीला तो चाळीसच्या खाली, म्हणजे पुढे केव्हातरी चाळीसच्याही वर. आणि अपघात त्याच चार मैलांतला.

चालकापुढे नक्कल ठेवली. त्याने ती बाजूला सारली. मग म्हणाला, "फाटक पर मोडुं थयुं, साहेब. पछी दबावी." उशीर झाला म्हणून त्याने ट्रक दामटला होता. सायकल सरळच चालली होती, हेही त्याने कबूल केलं. पुढे त्याला शिक्षा झाली.

मी त्या बाईच्या खोलीवर गेलो. दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "बाई, माझं चुकलं. तुमच्या मालकाचा काही दोष नव्हता."

तिने दार परत उघडलं. "तठे ठाणामा समदासमोर सांगं, साहेब. आते आठे एकलीले सांगतस?" मग म्हणाली, "रविवारे नळवर समदा ऱ्हातस. तठे या."

मी येतो म्हणालो. रविवारी वर्दी चढवली, बूट घातले, आणि बंदोबस्ताचं निमित्त काढून ठाण्यातच बसून राहिलो. फौजदाराने नळावर बायाबापड्यांसमोर माफी मागायची, हे मला जमलं नाही. पुढचा रविवारही तसाच गेला. मग बदली झाली.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी सरासरीवर कधी विसंबलो नाही, माणूस कुठे थांबला आणि कुठे धावला हे आधी विचारलं. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं. धीट मात्र केलं नाही, याची लाज वाटते. कोर्टाच्या कागदावर चूक ट्रकवाल्याची आहे. त्या चाळीत तो माणूस, माझ्या शब्दावर, अजून पिऊनच मेलेला असेल.