गावाचं नाव लावलेले कुडते

मला शिवण कुणी शिकवलं, असं विचारलंत तर कुणीच नाही. सासऱ्यांनी आणलेल्या जुन्या मशीनवर पोरांची झबली बिघडवत बिघडवत शिकले. पण डोक्यात एक होतं, ते मात्र आईकडून आलेलं.

आम्ही आगरी. गाव डोंबिवलीच्या खाडीकडेला, माझं माहेर-सासर दोन्ही तिथलंच. आई मिठागरात जायची ती लाल-हिरव्या चौकड्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. कमरेशी कापडाची ओटी सोडलेली, तिच्यात पानसुपारी, किल्ली, कधी आमच्यासाठी दोन चिंबोऱ्यासुद्धा! मला वाटायचं, असं कापड आता बायकांच्या अंगावर का नाही? ऐंशी साल उलटून गेलं तेव्हा कल्याणच्या बाजारात तशी लुगडी अजून मिळायची. मी ती कापून गुडघ्याएवढे कुडते शिवले आणि कमरेला ओटीसारखा खिसा ठेवला. मागे मानेपाशी छोटी कापडी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्याने आमच्या गावाचं नाव. माझं नाही हो, गावाचं. मोठ्या कंपन्या लावतात तसं, आमचंही असावं की!

आणि खपले. बँकेतल्या बाया, शाळेतल्या बाई, सगळ्या घ्यायच्या. पुढे ठाण्यातल्या एका दुकानवालीनेही मागवले. खिशात रेल्वेचा पास मस्त मावतो, असं घेणाऱ्या बाया म्हणायच्या. पण माझा जीव अडकलेला दुसरीकडेच. आमच्या गावातल्या एकाही बाईने तो कुडता अंगात घातला नव्हता.

मग पुतणीचं लग्न ठरलं. मोठ्या दिरांची मुलगी, माझ्याच मांडीवर वाढलेली. आमच्यात हळदीला भावकीच्या सगळ्या बायका एकसारखं नेसतात. मी जावेला म्हटलं, "या वेळी सगळ्यांचे कुडते मी शिवते. माझ्याकडून आहेर समजा."

जाऊ हसली. "अगो, हळदीला लुगऱ्याचा कापर? जागा इकल्या तरी अंगावर मिठागरच, असा बोलतीन लोका."

"बोलू दे की. आपल्या सासूबाई काय नेसायच्या?"

"त्या चिखलात उभ्या रव्हायच्या. आपन मांडवात उभ्या रव्हनार. आनि ती ओटी कशाला? आता काय मासली भरायची तिच्यान?"

हळदीचं ठरवायला बसलेल्या भावकीतल्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले, काय करणार. मग एका चुलत सासूने खरं काय ते बोलून टाकलं. म्हणाली, "तू गावाचा नाव मानेवर लावून इकतंस, ता पयला काढ. कोनाच्या मानेच्या घामान आमचा गाव भिजनार? पोरीचे सासरचे दुकानान बघतीन तं काय म्हनतीन, यांच्या बायका कापरं इकतान?"

मी पुतणीकडे बघितलं. वाटलं, ही तरी बोलेल. ती नखं बघत म्हणाली, "काकी, बाकी सगळ्या चमकीच्या साड्याच नेसणार, मग फोटोत तू एकटी तसली. नको ना."

तसली!

शेवटी उल्हासनगरहून चमकीच्या साड्या आल्या, सगळ्यांना एकसारख्या. माझ्या साडीला फॉल मीच लावला, आणि बाकीच्यांच्या साड्यांनाही. मशीन माझ्याच घरात होती ना. हळदीच्या फोटोत मी दुसऱ्या ओळीत आहे, ओळखू येत नाही कुठली ती.

त्यानंतर घरात शिवून पडलेले कुडते काढले आणि मागच्या पट्ट्या उसवल्या. ठाण्याच्या दुकानवालीला दिले तर ती खूश. "हे बरं केलंत. ते खेडेगावाचं नाव बघून लोक भाव करायचे. आता कुठेही चालेल." पुढच्या वेळी तिने स्वतःची पट्टी पाठवली, सोनेरी अक्षरांची. मी ती शिवून दिली. पुढेही कितीतरी वर्षं देत राहिले.

डोंबिवलीतल्या शाळेच्या एक बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. नवा कुडता न्यायला आल्या आणि त्याची मान उलटून बघायला लागल्या. म्हणाल्या, "काकू, ते नाव कुठे गेलं? मला एकदा तुमच्या गावाला यायचं होतं, तुम्ही सांगता त्या लुगडं खोचलेल्या बायका बघायला."

मी खिशाची तुरपाई करत होते. वर न बघताच म्हटलं, "तसल्या बायका आता तिथे कुणी नाहीत, बाई."