सहा तासांची नोंद

अकरावा नियम रेकॉर्डबाईंनी स्वतःच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्यांचा पुढचा सगळा त्रागा ऐकून कुणालाही वाटेल की बिचारीवर भलत्यांनीच संकट आणलं. तसं काही नव्हतं. धोंडा त्यांचा आणि पायही त्यांचाच.

रेकॉर्डबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, लोखंडी मांडण्यांच्या मध्ये बसून त्यांनी छत्तीस वर्षं जन्म-मृत्यूची रजिस्टरं सांभाळली, म्हणून हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. त्या तळघराला छताला लागून एकच खिडकी होती आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसत. तिथे बसून बसून बाईंना माणूस कागदावरून ओळखायची सवय लागली. समोरचा कितीही गोड बोलो, बाई आधी त्याच्या हातातल्या कागदाकडे बघणार.

निवृत्त झाल्या आणि त्या ‘झाडा’त शिरल्या. झाड म्हणजे एक संकेतस्थळ. ठिकठिकाणचे तीनेकशे हौशी लोक आपापल्या घरांच्या वंशावळी तिथे भरतात, एकमेकांच्या फांद्या जोडत जातात आणि एक दिवस सगळ्यांचं मिळून एकच झाड होईल अशी आशा धरतात. पगार कुणालाच नाही. कारभार बघायला नऊ जणांची समिती आहे. पगाराच्या नोकरीत माणसं हातचं राखून भांडतात. बिनपगारी कामात मात्र जीव ओतून भांडतात. ज्याला खोटं वाटेल त्याने या समितीच्या एका सभेला बसून बघावं. रेकॉर्डबाई तेरा वर्षं बसत होत्या. त्यांनी स्वतः तपासून भरलेल्या नोंदीच चौदा हजारांवर गेल्या होत्या, आणि बेचाळीस नियमांपैकी निम्मे तरी त्यांच्या हातचे होते.

अकरावा नियम आला तो समितीतल्या दाताच्या डॉक्टरांमुळे. पाच वर्षांपूर्वी या डॉक्टरांनी आपल्या खापरपणजोबांना एका सेनापतीचा मुलगा करून टाकलं. पुरावा काय, तर त्यांच्या काकांनी एका वहीत लिहून ठेवलेलं पान. आठ महिने काथ्याकूट चालला. डॉक्टर रोज नवा फोटो टाकायचे, कधी तलवारीचा, कधी काकांचा. शेवटी बाईंनी नियमच लिहून दिला: ज्याची नोंद करायची त्याच्याशी नातं असलेल्याने लिहिलेला कागद एकटा पुरावा म्हणून चालणार नाही, दुसरा पुरावा नव्वद दिवसांत आला नाही, तर नोंद आपोआप उडेल.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण बाईंना कुठे फट राहिलेली खपत नसे. उद्या कुणी म्हणायचा, लिहिलं तेव्हा कुठे मी नातेवाईक होतो? म्हणून त्यांनी ‘नातं असलेल्याने’च्या आधी आणखी चार शब्द घातले: आज, पूर्वी किंवा पुढे. समितीने वाहवा केली, सेनापती झाडावरून खाली उतरला, आणि बाईंच्या अंगावर आठवडाभर मूठभर मांस चढलं होतं.

घरी बाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, दोघीच. दोघींचे नवरे गेले, थोरलीची दोन्ही मुलं आपापल्या संसारात दूर, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी एकत्र राहत. थोरली शहात्तरची, बाई एकाहत्तरच्या. थोरलीला झाडाचं काडीचंही कौतुक नव्हतं. त्या यंत्रापुढे बसून मेलेल्यांची हजेरी घेतेस, म्हणायची. पण एक दिवस सहज, चहाचा कप हातात घेऊन ती बाईंच्या मागे उभी राहिली आणि माझं पान दाखव म्हणाली. बाईंनी दाखवलं. थोरलीने चष्मा नीट केला. नाव, जन्म, लग्न आणि शेवटी ‘अपत्ये: २’.

"दोनच?" थोरली म्हणाली.

प्रश्न अगदी बरोबर माणसाला विचारला गेला होता. कारण तिसरं बाळ, खरं म्हणजे पहिलं, थोरली सोडली तर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. एकोणपन्नास वर्षांपूर्वी, बाई बावीस वर्षांच्या आणि नोकरीला जेमतेम तीन महिने झालेल्या, तेव्हा ते त्याच रुग्णालयात जन्मलं. मुलगी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आली आणि दुपारी बाराला गेली. हेडक्लार्क म्हणाला होता, अशी बाळं जन्माच्या रजिस्टरात घालायची नाहीत, उगाच दोन-दोन रजिस्टरं भरावी लागतात. वॉर्डच्या वहीत एक ओळ टाका आणि मोकळ्या व्हा. बाईंनी त्याच्यादेखत जन्माच्या रजिस्टरात पुरी ओळ लिहिली. नावाच्या रकान्यात ‘ठेवलं नव्हतं’ असं लिहिलं. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला, तो अजून कपाटात आहे, पण त्यात बाळाचा उल्लेख नाही, ‘वरिष्ठांचा हुकूम मोडला’ एवढंच.

बाळाची आई चार दिवसांनी कागद न्यायला तळघरात उतरली. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं, मग लिहिणाऱ्या मुलीकडे बघितलं आणि वर गेली. दोन वर्षांनी तिच्या धाकट्या दिरासाठी मुलगी शोधायची वेळ आली, तेव्हा ती घरात म्हणाली, एक मला माहीत आहे, तळघरात बसते. अशा या दोघी एकमेकींच्या जावा झाल्या.

तेव्हा थोरलीच्या त्या एका शब्दाने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेरा वर्षं जगभरच्या पोरांची नोंद केली आणि घरातलंच एक राहिलं. रजिस्टर आता नव्हतं, तळघरात पाणी शिरलं तेव्हाच त्याचा लगदा झाला होता. पण त्या पानाचा फोटो बाईंनी आधीच काढून ठेवला होता. त्यांनी त्याच सकाळी नोंद केली, फोटो जोडला, आणि थोरलीच्या पानावर ‘अपत्ये: ३’ आलं. त्या दिवसापासून चहा झाला की थोरली रोज येऊन तो आकडा बघून जाई. बघायची आणि कामाला लागायची.

सहाव्या आठवड्यात नोंदीला लाल खूण लागली. लावणारे दाताचे डॉक्टर. खाली तीन ओळी होत्या: कागद सदस्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. बाळ सदस्याची पुतणी आहे. नियम अकरा.

पाच वर्षं हा माणूस दबा धरून बसला होता, असं बाई त्या दिवशी निदान दहा वेळा म्हणाल्या, भिंतीला, भाजीच्या सुरीला आणि फोनवर अध्यक्षांना. अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, सज्जन आणि थंड. बाईंनी त्यांना समजावलं की ती ओळ लिहिली तेव्हा मी त्या घरची कुणीही नव्हते, पगारी कारकून होते. अध्यक्षांनी शांतपणे नियम वाचून दाखवला. आज, पूर्वी किंवा पुढे. पुढे तुम्ही चुलती झालात, म्हणाले. मग आईची साक्ष घ्या, बाई म्हणाल्या, ती जिवंत आहे, शेजारच्या खोलीत बसली आहे. अध्यक्ष म्हणाले, आई तर सगळ्यात जवळची नातेवाईक. म्हणजे बाळ झालं होतं हे सांगायला बाळंतीण अपात्र! बाईंनी कपाळावर हात मारला. संताप करायचा तरी कुणावर? वाक्य त्यांचंच होतं, स्वल्पविरामासकट.

त्यांनी दुसऱ्या पुराव्यासाठी जंग जंग पछाडलं. वॉर्डच्या वह्याही त्याच पाण्यात गेल्या होत्या, आणि बाळंतपण करणारी डॉक्टरीण कधीच वारली होती. त्या वेळच्या परिचारिकांचे पत्ते काढून अकरा पत्रं धाडली. एकीच्या मुलीचं उत्तर आलं, की आई आता मलाही ओळखत नाही. बाकी दहा पत्रांचं काय झालं कळलं नाही. नव्वद दिवस गुरुवारी भरत होते.

त्याच्या आधीच्या शनिवारी दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज असा मऊ, की भूल दिल्याशिवाय दात उपटणार नाही म्हणावं. रविवारच्या सभेत ते अकरावा नियमच रद्द करायचा ठराव आणणार होते. मतं मोजून झाली होती, चार इकडे आणि चार तिकडे. राहिल्या बाई.

"तुमचं बाळ राहील, माझे सेनापती परत येतील," डॉक्टर म्हणाले. "कुणाचंच काही जात नाही."

रविवारी सकाळी दहाला सभा बसली. पडद्यावर नऊ चौकटी. एकाचा पंखा घरघरत होता, एकीचा आवाज बंद होता आणि ती तशीच पाच मिनिटं तावातावाने बोलली. बाईंनी आधी सरळ मार्ग धरला. नियम ठेवा, फक्त ‘किंवा पुढे’ एवढे दोन शब्द काढा. अध्यक्षांनी घसा साफ केला. दुरुस्तीला एकवीस दिवसांची नोटीस लागते, म्हणाले, नियम चार. चौथा नियम कुणाचा, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. आजच्या आज फक्त एवढंच ठरू शकत होतं: नियम सबंध ठेवायचा की सबंध फेकायचा.

चार हात वर झाले, मग उरलेले चार. सगळ्या चौकटी बाईंकडे बघत राहिल्या. बाईंना ते ‘अपत्ये: ३’ दिसत होतं. आणि त्याच झाडावर, दोन फांद्या पलीकडे, पुन्हा तलवार घेऊन बसलेला तो बनावट सेनापतीही दिसत होता. दोघं शेजारी बसले की खरं कोण आणि खोटं कोण, हे पन्नास वर्षांनी कोण सांगणार? मग ती मुलगीही कुणीतरी रचलेलीच ठरेल.

"नियम राहू दे," बाई म्हणाल्या.

थोरली आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं, की नोंद निघणार. थोरलीने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली.

"निघणार म्हणजे? कोण काढणार?"

"कुणी नाही. नियमाने आपोआप निघेल. गुरुवारी."

"नियम कुणी केला?"

"मीच."

थोरलीने टॉवेल बाजूला ठेवला. "त्या दिवशी हेडक्लार्क तुझ्या डोक्यावर उभा होता. लिहू नको म्हणत होता. कोवळ्या वयाची तू, नोकरी जाईल एवढं तरी मनात आलं असेल. तरी लिहिलंस. म्हणून तर तुला या घरात आणली मी. आणि आज कुणाला गं भ्यालीस?"

बाई तडकल्या. भ्याले नाही ताई, म्हणाल्या, तत्त्वाचा प्रश्न आहे. तुम्हाला त्यातलं कळत नाही, खोट्याला एकदा दार उघडलं की खऱ्याची किंमत राहत नाही. बरंच बोलल्या. सगळं बरोबरच होतं.

"नसेल कळत," थोरली म्हणाली. "मला तीन कळतात."

पुढचे चार दिवस त्या दोन खोल्यांत अबोला होता. चहाचा कप टेबलावर ठेवायचा आणि निघून जायचं. थोरली सकाळी आकडा बघायला येईनाशी झाली. बाई झाडाच्या बेचाळीसही नियमांचा कीस काढत बसल्या. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता पहिल्यांदाच स्वतःच्या लिखाणात भोक सापडावं म्हणून तळमळत होत्या, आणि मेली एकही फट सापडेना. स्वतःच्या हुशारीचा इतका वीट त्यांना जन्मात आला नव्हता. बुधवारी संध्याकाळी त्या थांबल्या. आपण काय लिहिलंय ते त्यांनी बेचाळीस वेळा वाचलं होतं. काय लिहिलेलं नाही, ते बघितलंच नव्हतं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला नोंद उडाली. ‘अपत्ये: २’. बाईंनी आतल्या खोलीत जाऊन थोरलीला हाताला धरून आणलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग नवी नोंद उघडून पुन्हा सगळं लिहिलं. स्त्री. सहा वाजून दहा मिनिटं. दुपारी बारा. नाव: ठेवलं नव्हतं. फोटो जोडला. आकडा तीन झाला.

अर्ध्या तासात अध्यक्षांचा निरोप आला, की उडालेली नोंद परत टाकणं हा व्यवस्थेचा गैरवापर आहे. बाईंनी दोनच शब्द लिहिले: कोणता नियम? मग उत्तर आलं, की तसा नियम नाही. पाठोपाठ दुसरं, की तो करायचा तर एकवीस दिवसांची नोटीस आणि पाच मतं लागतील. चार तर आजही जुळताना दिसत नाहीत. आणि मग तिसरं, खाजगी, की त्या नव्या नियमाला माझं मत धरू नका.

बाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, बोटाने दिवस मोजत पुढची पानं उलटली आणि नव्वदाव्या दिवसाभोवती गोल केला.

"तेव्हा परत जाणार?" थोरलीने विचारलं.

"परत जाणार. मी परत लिहिणार. वर्षातून चारदा."

थोरली कॅलेंडरवरच्या त्या गोलाकडे बघत राहिली. दोघींच्या वयाची बेरीज ती मनात करत असावी. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा नाकावर बसवला.

"सरक," ती म्हणाली. "कुठे काय दाबायचं ते दाखव. पुढच्या खेपेला मी लिहीन."

बाईंनी सांगून बघितलं, की ताई, आईच्या हातची नोंदसुद्धा अकराव्या नियमात बसत नाही, नव्वद दिवसांनी तीही उडणारच. थोरली तोवर एका बोटाने पहिलं अक्षर शोधायला लागली होती.

"उडू दे," ती म्हणाली.