कस्तुरीने पाळलेला वैरी

कल्पना करा, ज्याने तुमच्या आईला मारले त्यालाच तुम्हांला जगवायचे आहे. मेंढीचे रक्त घातलेल्या जेलीवर त्याला वाढवायचे. मोकळी हवा त्याला सोसत नाही, म्हणून बंद डब्यातला प्राणवायू कमी करायचा, माणसाच्या अंगाइतकी ऊब द्यायची, ओल राखायची. जरा दुर्लक्ष झाले की तो मरतो, आणि तो मेला तर त्याने नेमके काय केले हे कधीच कळणार नाही. काही दिवसांनी जेलीवर दवासारखे बारीक ठिपके उमटले की तुम्हांला आनंद व्हायला हवा. होईल?

कस्तुरीला होतो. ती वाराणसीतल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तिची आई आनंदीबाई जठराच्या कर्करोगाने गेली. त्याआधी दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला तिच्या जठराचा कण तिच्याच परवानगीने या प्रयोगशाळेत आला होता. त्यातला जंतू कस्तुरीने वाढवला आणि गोठवून ठेवला. हवा तेव्हा ती त्याला जागा करते.

“सुधरलेला कैदी आहे का तो, इतकं जपतेस?” तिचे वडील एकदा म्हणाले.

“फाशीचा आहे, अण्णा. फाशीच्या कैद्यालासुद्धा जेवण देतात.”

अण्णा म्हणजे यज्ञेश्वरशास्त्री. नाशिक-सांगलीकडून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धे, अभिषेक ते करतात. घर ब्रह्मा घाटावर. प्रयोगशाळेतून आलेल्या मुलीने आंघोळ केल्याशिवाय ते तिला चुलीपाशी येऊ देत नाहीत. एवढे सोवळे, पण आनंदीबाई मात्र आयुष्यभर त्यांच्या उष्ट्या ताटात जेवल्या. त्यांचे जेवण झाले की त्याच ताटात त्या आपला भात वाढून घेत. पोटात जळजळ व्हायची, त्या सोडा पिऊन गप्प बसायच्या. कस्तुरीच्या डोक्यात हे ताट बसले होते.

ज्याचा सूड घ्यायचा त्याची चाल माहीत हवी, म्हणून कस्तुरीने ती पाठ केली. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जगात असंख्य लोकांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. जठरातल्या आम्लात तो टिकतो, कारण त्याचे एक प्रथिन स्वतःभोवतीचे आम्ल मारत राहते. दुसरे प्रथिन पेशींना आतून पोकळ्या पाडते. तिसऱ्याचे नाव कॅग-ए. आनंदीबाईंच्या जंतूत हे तिसरेही होते. पेशीला चिकटून जंतू जणू सुई खुपसतो आणि कॅग-ए आत सोडतो. पण आत शिरलेले हे प्रथिन एकटे फारसे काही करू शकत नाही. पेशीची स्वतःची विकरे, म्हणजे एन्झाइम, त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का बसला की पाहुणा मालक होतो. पेशी शेजारणीला धरलेला हात सोडते, लांबते, नको तेव्हा वाढू लागते. हे वर्षानुवर्षे चालले तर कुणाच्या तरी पोटात त्यातून कर्करोग उभा राहतो.

या शिक्क्याचा कस्तुरीला सगळ्यात जास्त राग होता. चोर बाहेरचा, पण दार आतून उघडले गेले होते.

पहिला सूड तिने जंतूवर घेतला. आईच्या जंतूतून तिने कॅग-ए बनवणारे जनुकच काढून टाकले. मग बशीत वाढवलेल्या जठराच्या पेशींवर दोन्ही जंतू सोडले. मूळ जंतूने पेशी तिंबलेल्या कणकेसारख्या ताणून लांब केल्या. जनुक काढलेला जंतू त्यांच्यावर नुसता बसून राहिला.

“कस्तुरीजी, आपने तो इसके दाँत उखाड़ दिए,” सूक्ष्मदर्शकातून पाहत संशोधक अनिमेष म्हणाला.

“अभी जबड़ा बाकी है,” ती म्हणाली.

जबडा म्हणजे अण्णा; त्यांच्याच उष्ट्यातून हा जंतू आईला लागला, असे तिने धरले होते. आई गेल्यावर डॉक्टरांनी घरातल्यांना तपासून घ्यायला सांगितले होते. कस्तुरीची श्वासाची तपासणी स्वच्छ निघाली. अण्णांनाही ती फुंकर मारण्याची तपासणी पुरली असती. पण कस्तुरीला त्यांच्या पोटातला जंतू हवा होता. डॉक्टरांकडे तिने अण्णांना भूक लागत नाही, पोट दुखते, असे सांगितले. अण्णांना म्हणाली, “दुर्बीणच घालावी लागेल, डॉक्टर म्हणतात.” दोन्ही खोटे होते.

जंतू मिळाला. अण्णांच्या जठराला किरकोळ सूज होती, बाकी काही नाही. जनुकांचा क्रम तपासला तेव्हा आईचा आणि त्यांचा जंतू एकच निघाला, कॅग-ए सकट.

“मिल गया!” ती ओरडली.

अनिमेष म्हणाला, “मिला तो सही। पर किसने किसको दिया, ये थोड़े ही लिखा है? ज़्यादातर तो बचपन में लगता है। आपके माँ-बाप दोनों एक ही मोहल्ले के हैं न? हो सकता है दोनों को कहीं और से मिला हो।”

तिने ऐकले. घरी गेल्यावर मात्र यातले एक अक्षर सांगितले नाही.

“तुमच्या उष्ट्यातून गेला तो आईच्या पोटात,” ती अण्णांना म्हणाली. “मान होता ना तुमचा तो!”

ते भांडतील, शास्त्र काढतील अशी तिला आशा होती. अण्णा खाली बसले. “मला बरं वाटायचं गं,” ते म्हणाले. “नको म्हणायला हवं होतं.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तेव्हा त्यांनी पुडके बाजूला सारले. “राहू दे. तिच्यातलं काहीतरी माझ्यात उरलंय.”

“ते तिच्यातलं नाही. तिला खाणारं आहे. तोंड उघडा.”

“कस्तुरे, मी काय लहान...”

“उघडा!”

सकाळ-संध्याकाळ ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. जिभेला कडवट चव यायची, मळमळायचे, मंत्र म्हणताना अण्णांना उमासे यायचे. तिला दया यायची नाही. प्रत्येक गोळीबरोबर आत कुणीतरी मरत आहे, या विचाराने तिला त्या दिवसांत छान झोप लागायची. अण्णा मुकाट गिळायचे, आणि ते मुकाट गिळतात याचाही तिला राग यायचा.

औषध संपून बरेच दिवस गेल्यावर पुन्हा तपासणी झाली. जंतू गेला होता. त्या संध्याकाळी तिने अनिमेषचे बोलणे अण्णांना सांगितले.

“म्हणजे मी नाही दिला?”

“माहीत नाही. कधी कळणारही नाही.”

“मग इतके दिवस मला कशाला जाळलंस?”

“कारण तुम्ही वाचलात,” ती म्हणाली. “आणि ती गेली.”

 अण्णा म्हणाले, “असं का, ते मीपण रोज विचारतोच आहे, बेटा. तुझ्याकडे तर मशीन आहे.”

 दुसऱ्या दिवशी तिने अनिमेषजवळ अण्णांच्या जठराच्या उरलेल्या कणाची चौकशी केली. आता तिला जंतूचे काही नको होते, पेशींचे हवे होते. जंतू एकच, सुई तीच, प्रथिनही तेच. मग आईच्या पेशींनी त्याच्यावर शिक्का मारला, तेव्हा अण्णांच्या पेशींनी काय केले?